कोरं म्हणजे निरंक नव्हे, भाऊजी

भाऊजी, तुमचा फोन अजून वास मारतो. स्पिरिटने पुसला, जुन्या टूथब्रशने कडा घासल्या, कव्हर फेकून दिलं, गॅलरीत उन्हात ठेवला. तरी हातात घेतला की कांसेचा वास येतोच. कुजलेला गाळ, साबणाचं पाणी, कुणाच्या तरी बाथरूममधलं फिनाइल आणि त्याखाली काहीतरी मेलेलं. आपल्या सोसायटीमागून वाहणाऱ्या त्या पावसाळी नाल्याला सगळं बडोदं कांस म्हणतं आणि नाक धरून पुढे जातं. तुम्ही तिला नदीची धाकटी बहीण म्हणायचात आणि रोज सकाळी तिला भेटायला जायचात. परत आलात की फोन सरळ जेवणाच्या टेबलावर, पोह्यांच्या ताटलीशेजारी.

"भाऊजी, उचला ते."

"वहिनी, ह्यात आजची मगर आहे."

"मगरीलाही उचला."

तुम्हाला काय झालं, कसं झालं, आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं आहे. सांगून सांगून माझ्या तोंडात त्याचा चोथा झाला. इथे ते पुन्हा लिहिणार नाही. तेरावं उरकल्यावर मी तुमच्या खोलीतल्या वस्तूंची यादी केली. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मी आधी यादीच केली असती. देण्याजोगं, ठेवण्याजोगं, टाकण्याजोगं असे तीन भाग. शर्ट दिले. दुर्बीण ठेवली. मांडवीच्या बाजारातून घासाघीस करून आणलेले ते गमबूट, जे मी कधीही सोसायटीच्या झांप्याच्या, म्हणजे फाटकाच्या, आत येऊ दिले नाहीत, ते वॉचमनकडे तसेच उभे आहेत. त्यांना हात लावायची मला किळस येते आणि दुसऱ्या कुणी उचललेले मला चालणार नाहीत.

मला तुम्हाला तुमच्या शोकसभेबद्दल सांगायचं आहे. तुम्ही असतात तर मागच्या रांगेत बसून माझ्या कानाशी पुटपुटला असतात, आणि एवढं सगळं मला एकटीला पोटात ठेवावं लागलं नसतं.

तुमच्या दादांनी हार घालायला तो लग्नातला फोटो निवडला, ज्यात तुम्ही टायमुळे गुदमरल्यासारखे दिसता. ते ठीक आहे, भावाला जो आवडेल तो. शाळेतले शिक्षक बोलले, तुमच्या हाताखाली शिकलेली दोन-चार मंडळी बोलली. आपल्या रविवारच्या गटातल्या दाताच्या डॉक्टर हेतलबेन बोलायला उठल्या, "अभयसर..." एवढं म्हणाल्या आणि खाली बसल्या. तेवढंच मला पटलं.

मग जिग्नेशभाई उठला. कांसेचा काठ सपाट करून तिथे फिरायला रस्ता करायचा आराखडा ज्या सल्लागार कंपनीकडे आहे, तिचा माणूस. तुम्ही वर्षानुवर्षं गटाला घेऊन काठाने हिंडत होतात. त्याने येऊन सगळ्यांच्या फोनमध्ये काठावरच्या प्राण्यांच्या नोंदी करायचं ते ॲप घालून दिलं. चाला, दिसेल ते भरा, अहवाल आम्ही करू. सभेला तो लॅपटॉप आणि पडदा घेऊन आला होता. श्रद्धांजलीच्या सभेत पडदा. त्यावर कांसेचा नकाशा, आणि नकाशावर हिरवे ठिपके.

"आ बधा सर ना पॉइन्ट छे," सगळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवत तो म्हणाला. "सर अमारा बेस्ट डेटा कलेक्टर हता."

आपल्या गोत्री भागातल्या अर्ध्या मुलांना ज्याने बेडूक आणि भेक ह्यांतला फरक शिकवला, तो माणूस डेटा कलेक्टर. मला ओकारी आली, अक्षरशः. मी पदर तोंडाशी धरला तेव्हा शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात जिग्नेशभाईने जाहीर केलं की संपूर्ण अहवाल अभयसरांच्या स्मृतीला अर्पण होईल, पहिल्या पानावर त्यांचा फोटो येईल. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हार घातलेल्या फोटोसमोर टाळ्या.

मी नकाशा बघत होते. आपल्या सोसायटीमागे कांस जिथे वळते, जिथे जांभळाच्या मुळांखाली भुसभुशीत मातीची एक पट्टी आहे, तिथे घरट्याचा ठिपका नव्हता. बाजूला एक लहान तक्ता होता. मगर, घरटी असे रकाने, आणि आपल्या वळणासमोर घरट्यांच्या रकान्यात शून्य. तुमच्या फोनवरून, तुमच्या नावाने.

तुम्हाला हे ठाऊकच आहे, पण उद्या दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्याच्यासाठी सांगते, नाहीतर मी एवढी का चिडले ते कळायचं नाही. मगर दिसली, ही नोंद ते ॲप आनंदाने घेतं. मगर काय, आज इथे, उद्या तिथे; तिच्यासाठी कुणी काम थांबवत नाही. थांबवावं लागतं ते घरट्यासाठी. अंडी असतील तिथे मशीन घालता येत नाही. त्यामुळे त्या वळणावर घरटं आहे की नाही, ह्या एका खुणेवर सगळं अडलेलं. आणि ते आहे हे आख्ख्या सोसायटीला ठाऊक. ग्रुपवर तिला मगरबेन म्हणतात. "मगरबेन आजे तडके बेठां छे," म्हणजे मगरबेन आज उन्हाला बसल्यात, असं कुणी टाकलं की खाली नमस्काराचे हात येतात. वॉचमन पोरांना तिकडे फिरकू देत नाही. सगळ्यांना माहीत आहे. फक्त अहवालाला माहीत नाही.

निरंक हा आपल्या घरचा शब्द. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सरकारी कचेरीत जन्म काढला, त्यांच्या वडिलांनी त्याआधी संस्थानच्या दफ्तरात. तपासून काही आढळलं नाही की निरंक लिहायचं आणि खाली सही करायची. तपासलंच नसेल तर जागा कोरी सोडायची आणि साहेबाची बोलणी खायची. न तपासता निरंक लिहिणाऱ्याला अण्णा सरळ चोर म्हणत. घरातसुद्धा त्यांची तीच भाषा. मी लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा आमटी केली, त्यांनी भुरका मारला आणि गंभीरपणे म्हणाले, "मीठ निरंक." मला वाटलं, जुन्या बडोद्याकडचं कौतुक असेल. मी हसून त्यांना आणखी वाढली. त्यांनी तीही मुकाट्याने संपवली. तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात. हसू दाबताना तुमच्या नाकातून ताक आलं होतं, मी विसरलेले नाही.

गटातल्या लोकांनाही तुम्ही तो शब्द लावलात. हेतलबेननी पहिल्यांदा विचारलं, "निरंक एटले?" तुम्ही म्हणालात, "एटले के जोयुं, पण ना मळ्युं." आणि लगेच बोट वर करून, वर्गात करायचात तसं: "अने ना जोयुं होय तो कोरुं. कोरुं ते निरंक नथी."

एवढं साधं. पण ॲपला कोरं ठाऊकच नाही.

माझं काम घरात बसून होतं, ते मला सोईचं होतं. काठावर मी दोनदा आले आणि दोन्ही वेळा घरी येऊन आंघोळ केली. सगळ्यांच्या नोंदी लॅपटॉपवर घ्यायच्या, चुका शोधायच्या, कुणाचं लोकेशन चुकून समोरच्या किराणा दुकानावर आलंय ते बघायचं. नंदेसरीच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये दिवसभर हेच करते, रविवारीही तेच. अशाच एका रविवारी तुमच्या नोंदी उघडल्या आणि विचारलं, "भाऊजी, वळणावर घरट्यापुढे शून्य का लिहिलंत?"

"मी? मी कोरं सोडलं."

"इथे शून्य आहे."

तुम्ही सेव-उसळ खात होतात. चमचा खाली ठेवलात, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंत आणि म्हणालात, "अण्णा असते तर ह्या फोनला दाराबाहेर उभं केलं असतं."

मग तुम्ही सगळं सांगितलंत. मादी मागच्या पायांनी खड्डा उकरते, अंडी घालते आणि वरून माती अशी सारखी करते की जणू कुणी तिथे कधी गेलंच नाही. तुम्ही वरच्या काठावर बसून ते करताना तिला पाहिलं होतं. पण ॲपला फोटो हवा. फोटो काढला तर त्यात काय येणार, माती. ॲपने उत्तर दिलं: फोटोत वस्तू दिसत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

"वहिनी, ती बिचारी जिवापाड ह्याचाच प्रयत्न करते," तुम्ही म्हणालात. "की फोटोत दिसू नये."

मग तुम्ही तिच्या पोटाच्या फरफटीची खूण भरायला गेलात. पाण्यापासून वर मातीपर्यंत गेलेली, मधोमध शेपटीची रेघ, फोटोत स्वच्छ येणारी. पण निवडायच्या यादीत खूण नव्हती. शेवटी "इतर" होतं. तुम्ही इतर दाबलंत, खालच्या चौकोनात सगळं नीट लिहिलंत, जांभळापासूनची दिशासुद्धा. मी शोधलं ते कुठे जातं. कुठेच जात नव्हतं. "इतर" अहवालात धरत नाहीत.

तुम्ही जिग्नेशभाईला फोन लावलात आणि स्पीकरवर ठेवलात, मला ऐकू यावं म्हणून.

"सर, फोटो नथी तो एन्ट्री नथी."

"बरोबर. पण एन्ट्री नथी तो झीरो क्यांथी आव्युं?"

"ए तो सिस्टम मूके छे, सर. ब्लँक होय तो रिपोर्ट खाली खाली लागे. झीरो साफ लागे."

झीरो साफ लागे. म्हणजे जागा कोरी दिसू नये म्हणून सिस्टमच तिथे शून्य घालते. आयुष्यात इतकं घाणेरडं वाक्य मी ऐकलेलं नाही, आणि मी रोज कारखान्याच्या बसमधून जाते. आमच्या लॅबमध्ये "आढळले नाही" आणि "तपासले नाही" असे दोन वेगळे शिक्के आहेत. न तपासलेल्या नमुन्यावर कुणी पहिला शिक्का मारला तर त्याला मी त्याच दिवशी खुर्चीवरून उठवेन, मग तो कितीही हुशार असो. कांसेचं पाणी घाण आहे, पण ते निदान घाण दिसतं. हे शून्य धुतलेलं, इस्त्री केलेलं, हिरव्या रंगाच्या तक्त्यात बसवलेलं होतं.

फोनवर माझा राग नाही, भाऊजी. हे तुम्हाला माहीत आहे, पण सभेनंतर लोक मला येऊन सांगतात, "तुमचं बरोबर आहे, मोबाईलनेच सगळं बिघडवलं." मला त्यांचाही वीट आला आहे. कागद काय गंगेत न्हाऊन येतो? अण्णांचे चोर कागदावरच चोऱ्या करत होते. त्याच फोनमुळे हेतलबेनना पाणकावळा आणि बगळा वेगळे कळायला लागले. त्याच फोनमध्ये तुम्ही कासवांचे असे फोटो काढलेत की माझ्यासारखीला कासवाचं तोंड बघून हसू आलं. फोन जे विचारलं ते नोंदवतो. काय विचारायचं, कोरं ठेवू द्यायचं की नाही, हे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं. मला शिसारी येते ती त्या खुर्चीची.

आपला वाद मात्र वेगळाच होता, आणि तो अर्धा राहिला.

कैऱ्या आल्या होत्या. मी छुंदा करायला घेतला होता, तुम्ही कैरी किसत होतात. मी म्हटलं, बाहेर पडा त्यातून. गटाला सांगा, ॲप काढून टाका, त्यांना लेखी कळवा की आमच्या नोंदी वापरू नका.

"आणि मग?"

"मग काय? तुमचं नाव त्यात नसेल."

"माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? आपण बाहेर पडलो तर ते दुसरा गट आणतील. त्यांना वळण कुठे ते पण माहीत नसेल. मी आहे तोवर निदान भांडायला आहे."

"तुम्ही भांडताय आणि ते शून्य छापतायत. त्यापेक्षा कुणी गेलंच नाही, असं राहिलेलं बरं. कोरं राहील."

"कोरं राहत नाही, वहिनी, तेच तर रडगाणं आहे. कोरं राहिलं असतं तर मी आनंदाने घरी बसलो असतो."

"मग तुम्ही त्यांच्या खोट्यावर सही करताय."

तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि बोट किसलं गेलं. कैरीचा रस झोंबला, तुम्ही नळाकडे पळालात, मी हळद घेऊन आले, दादा म्हणाले की आता ह्या छुंद्यात रक्त आहे, कोण खाणार, आणि सगळे हसलो. वाद तिथेच पडला. तुम्ही काय बोलणार होतात ते मला कळलं नाही. नंतर विचारेन म्हटलं. ते नंतर आलं नाही, आणि मी रोज भांडी घासताना तुमच्या बाजूने एकेक उत्तर तयार करते आणि खोडून काढते. एकही उत्तर तुमच्यासारखं होत नाही.

माझ्या याद्यांची तुम्ही कायम टिंगल केलीत. वर गेल्यावर पण वहिनी हजेरी घेतील, म्हणायचात. पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच यादीप्रमाणे तुम्ही हे घर चालवलंत. दूध, गोळ्या, दादांचा डबा, कामवाल्या बेनची सुट्टी. प्रत्येकासमोर बरोबरची खूण. मी उठून बसल्यावर बघितलं तर शेवटी तुमच्या अक्षरात एक ओळ वाढवलेली: वहिनींना हसवणे, निरंक. टाके दुखेपर्यंत हसले मी. ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. उपकार मानण्याची आपल्यात पद्धत नाही, आणि पद्धत नाही म्हणून किती गोष्टी आतल्या आत नासतात.

आता पुढचं.

सभेनंतरच्या आठवड्यात जिग्नेशभाई घरी आला. फोटो आणि नाव छापायला घरच्यांची संमती लागते, ती म्हणे फोनवरच द्यायची. तुमच्या दादांना ते हवं होतं, भाऊजी. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आदल्या रात्री जेवताना ते म्हणाले होते, "त्याच्यामागे कोण आहे? बायको नाही, पोर नाही. कुठे तरी नाव राहील."

"कशावर राहतंय ते बघा."

"तुला प्रत्येक गोष्टीत डाग दिसतो."

"डाग आहे म्हणून दिसतो."

मी उठून ताटं उचलली. तुम्ही त्यांचे भाऊ होतात. मी दुसऱ्या घरातून आलेली. ते हो म्हणाले असते तर मी अडवू शकले नसते. तुमचं नाव त्या शून्यावर चढायचं की नाही, हे एका थकलेल्या, हळव्या माणसाच्या बोटावर होतं.

जिग्नेशभाईने चहा घेतला, बिस्किटं घेतली, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि फोन दादांच्या हातात दिला. "बस, अहीं टच करो, काका. मृतक साथे संबंध."

दादा चष्मा वर करून नात्यांची यादी बघायला लागले. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. त्यांनी बोटाने यादी वर सरकवली, खाली सरकवली.

"भाऊ कुठे आहे?"

"इतर मां आवी जशे, काका."

दादांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते पुन्हा वाचलं. खरं सांगते, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि ओठ घट्ट मिटले होते. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे इतर म्हणजे तेच ना, जे अहवालात धरत नाहीत?"

म्हणजे ते ऐकत होते. एवढे दिवस तुम्ही आणि मी टेबलावर वाद घालत होतो, आणि वर्तमानपत्रामागे बसलेला हा माणूस सगळं ऐकत होता.

"तेच," मी म्हटलं.

त्यांनी फोन परत दिला, अगदी सावकाश, पडू नये अशा बेताने. "मी त्याला सायकल शिकवली," ते जिग्नेशभाईला मराठीतच म्हणाले. "मी इतर नाही. आणि ते घरटं पण इतर नाही. त्याचं नाव काढा."

राग मानू नका, अशा सुरात जिग्नेशभाई माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभी, खोटुं ना लगाडता. सर नुं नाम तो रहेवुं ज जोईए ने."

मी सांगितलं, शून्य काढा, मग नाव ठेवा. तो म्हणाला, शून्य आता निघत नाही, अहवाल पुढे गेलाय. नाव निघतं. नाव काढायला वेळ लागत नाही. बूट घालताना, अगदी खरोखरच्या काळजीने त्याने विचारलं, "तो हवे अर्पण कोने करीए?" आता अर्पण कुणाला करायचं, म्हणे.

दादांनी दार लावलं. मी त्याचा कप दोनदा घासला.

त्यानंतर मी जे मला येतं ते केलं. वनखात्याकडे अर्ज. मुद्दे क्रमवार, खाली गटातल्या सगळ्यांच्या सह्या, हेतलबेनची सगळ्यांत मोठी. फेऱ्या मारल्या. एकाने ह्या टेबलावर पाठवलं, दुसऱ्याने त्या. मी रजा टाकून टाकून गेले. शेवटी कळलं, एक माणूस प्रत्यक्ष बघायला येईल.

तो आज सकाळी आला. तरुण, पांढरे स्वच्छ बूट, हातात फोन आणि एका पाटीला लावलेले कागद. आम्ही वरच्या काठावर, भिंतीच्या तुटलेल्या भागापाशी उभे होतो: मी, दादा, हेतलबेन. खाली वळण. कांस नेहमीसारखी, हिरवट काळी, एक फाटकी चटई मुळांना अडकलेली, फेसाचा एक थर तिच्याभोवती फिरत होता. मी पदर नाकाला लावला नाही, कारण तो बघत होता.

त्याने फोन वर केला, खाली केला. "देखातुं तो नथी कंई, बेन. माटी छे."

"हो. मातीच दिसते," मी म्हटलं. "थांबावं लागेल."

"केटलुं?"

मला काय माहीत? ते तुम्हाला माहीत होतं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं वेळेवर जेवायला या म्हणून ओरडले, तो इथे काय करत होता हे मला पहिल्यांदा कळलं: काही नाही. तो थांबत होता. मी त्या घाणीत खाली बसले. माझ्या कामावर जायच्या कपड्यांनिशी. दादा गुडघे धरून बसले, हेतलबेन बसल्या. तो अधिकारी आपल्या बुटांकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि मग तोही एका दगडावर टेकला.

मुंग्या चावल्या. माझी फॅक्टरीची बस गेली. पलीकडच्या इमारतीतून कुणीतरी पाण्यात पिशवी भिरकावली आणि मी त्या माणसाला मनात जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. मग कधीतरी पाण्यात, जिथे आधी काही नव्हतं, तिथे नाकपुड्या होत्या, आणि मागे डोळे. ती आमच्याकडे बघत होती. हळूहळू ती काठाला आली, अर्धी बाहेर निघाली आणि त्या मातीच्या पट्टीसमोर येऊन आडवी पडली. पट्टीकडे पाठ, आमच्याकडे तोंड. जबडा थोडा उघडला. ती सुंदर वगैरे अजिबात नाही, भाऊजी, तुम्ही काहीही म्हणा. अंगावर शेवाळ, मानेवर गोचिडीसारखं काहीतरी. पण ती तिथून हलणार नव्हती, हे कुणालाही कळलं असतं.

अधिकारी उठला नाही. त्याने फोन काढलाच नाही सुरुवातीला. बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ए ज्यां रोके छे, त्यां ज छे." जिथे ती अडवते आहे, तिथेच आहे.

फोटो त्याने नंतर काढला. मशीन थांबेल की नाही, हे तो सांगू शकत नाही म्हणाला. त्याचं म्हणणं वर जाईल, तिथे त्या अहवालाशी भांडेल. तेवढ्यावर मी समाधानी नाही. पण त्याने कागद पुढे ओढला आणि पेनाने लिहायला लागला. जागा, खूण, मादी हजर. मी शेजारी बसून प्रत्येक शब्द वाचत होते, त्याला ते आवडलं नाही, मी वाचत राहिले.

"पहेलां कोणे जोयेलुं?" त्याने विचारलं.

मी तुमचं नाव सांगितलं. पूर्ण, अण्णांच्या नावासकट. त्याने ते दोन वेळा विचारून बरोबर लिहून घेतलं.

"एमनो मोबाईल नंबर?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला माझा नंबर दिला.